दुसऱ्या कप्प्यातला पिवळा

१

शुक्रवारी वहीत लावलेला धागा लिंबाच्या सालीसारखा पिवळा होता. सोमवारी सकाळी दहा वाजता वही उघडली, तर त्याच पानावर, त्याच चिठ्ठीखाली, त्याच सहीखाली धागा नारिंगी होऊन बसला होता.

वही सरकारी प्रयोगशाळेची. खाण्याच्या पदार्थांत आणि तोंडाला लावायच्या पावडर-लालीत कुठला रंग चालतो आणि कुठला नाही, हे ठरवणारी. धागा बोटभर लांबीचा, लोकरीचा. त्याच्या पोटावर डिंकाची अरुंद चिठ्ठी आडवी चिकटवलेली आणि सही अशी केलेली की अर्धी चिठ्ठीवर, अर्धी पानावर. चिठ्ठी उचकटली तर सही मोडणार. धाग्याची दोन टोकं मात्र दोन्ही बाजूंनी मोकळी, शेपटासारखी.

सही कुठेही मोडलेली नव्हती.

लिंबाच्या गोड गोळ्या बनवणाऱ्या कारखान्याच्या तक्रारीवरून मुख्यालयातून चौकशीला आलेली बाई वहीवर वाकली, उठली, खिडकीशी गेली, परत वहीशी आली. तिच्या पायाला भिंगरी होती; म्हणून तिचं नावच भिंगरी पडलं होतं. समोर एक माणूस सोडला तर कोणी म्हणत नसे, मागे सगळे म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

"बसा ना, मॅडम," मोठे साहेब म्हणाले. खुर्ची त्यांनी तिसऱ्यांदा पुढे सरकवली होती. "सरळ गोष्ट आहे. नव्या तपासनीस मुलीनं घोळ घातला. दुसऱ्याच कुठल्या नमुन्याचा धागा या पानावर चिकटवला आणि अहवाल लिहून मोकळी झाली. पाच वाजता सुनावणी. अहवाल रद्द, कारखान्याच्या गोदामाचं सील काढायचं, मुलीचं निलंबन. पाच मिनिटांचं काम."

"नमुना उरलाय?"

"कुठला उरतोय! सगळ्या गोळ्या कुटून तपासल्या. दुसरी मोहोरबंद बरणी वरच्या प्रयोगशाळेत गेलीय. तिकडचं उत्तर यायला महिना. तोवर माल अडवायचा कशाच्या जोरावर? या सुतळीच्या?"

"लोकर आहे ती."

"तेच ते."

साहेब कारभाराच्या बाजूने वर चढलेले. त्यांना फाइल कळायची, बरणी नाही.

भिंगरीने काचेची बारीक नळी घेतली आणि तीव्र आम्लाचा एक थेंब धाग्याच्या मोकळ्या टोकावर सोडला. दोघेही बघत राहिले. वरचा पंखा कुरकुरत होता. बाहेर कोणीतरी बरण्या एकावर एक ठेवत होतं.

टोक नारिंगी होतं, नारिंगीच राहिलं.

"बघा," साहेब म्हणाले. "खायचा रंग. कायद्यात बसणारा."

घड्याळात अकराला दहा कमी होते आणि समोरच्या गोदामाबाहेर, तिने येताना पाहिलं होतं, दोन ट्रक आतापासूनच तोंड लावून उभे होते.

२

जिच्यावर हे आलं होतं तिला सगळे भाची म्हणत. इथले सगळ्यात जुने रंगतपासनीस म्हणजे तिचे सख्खे मामा. ते सगळ्या इमारतीचे मामा, म्हणून ही सगळ्या इमारतीची भाची. नोकरीला लागून पुरतं वर्षही झालं नव्हतं. ती भांडी धुवायच्या कट्ट्याला टेकून उभी होती. डोळे कोरडे, ओठ पांढरे.

"काय केलंस ते सांग," भिंगरी म्हणाली. "मला येत नाही असं समजून सांग."

"गोळ्या पाण्यात विरघळवल्या. थोडं आम्ल घातलं. त्यात पांढऱ्या लोकरीचा धागा उकळला. फुलापानाचा रंग असता तर धुतल्यावर निघून गेला असता. हा नाही गेला. घट्ट बसला."

"म्हणजे कारखान्यात बनलेला रंग. पुढे?"

"कारखान्यात बनलेले सगळेच वाईट नसतात. दोन-तीन पिवळे खायला चालतात. म्हणून एक टोक कापून घेतलं आणि त्यावर तीव्र आम्लाचा थेंब टाकला." तिने थेंब कसा टाकला ते हातानेच दाखवलं. "खायचा पिवळा ढिम्म राहतो, मॅडम. कापड रंगवायचा पिवळा, मेटॅनिल, तो लाजल्यासारखा गुलाबी होतो. हा झाला. जांभळट गुलाबी. माझ्या डोळ्यांदेखत."

"कोणी पाहिलं?"

"कोणी नाही. मामा शुक्रवारी रजेवर होते, डॉक्टरकडे. म्हणून तर हा नमुना माझ्याकडे आला. नाहीतर या कारखान्याच्या गोळ्या नेहमी तेच तपासतात."

"तुझा धागा नक्की लिंबाचा? नारिंगी नव्हे?"

भाचीने मान वर केली. "मॅडम, मला काढून टाका, पण आंधळी म्हणू नका."

भिंगरी कट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. नळाला बारीक थेंब लागला होता. तिने तो जाता जाता आवळला. "कपाटाची किल्ली कोणाकोणाकडे?"

"एक साहेबांच्या खोलीत खिळ्याला. एक मामांकडे. साहेबांच्या खिळ्यावरची भांडीवाल्या मावशी घेतात, झाडलोटीला."

"मामा काय म्हणाले?"

"काही नाही." भाची हातातलं फडकं पिळत राहिली, पाणी नसलेलं. "सकाळपासून काहीच नाही. जवळ येऊन उभे राहतात, आणि जातात. मॅडम, ते मला कधी असं सोडून... शाळेत पडले तरी आधी मामा यायचे."

आणि तेवढ्यात मागून कोणीतरी कडकड चावल्याचा आवाज आला.

३

कारखान्याचे वकील दारात उभे होते. अंगात काळा कोट, गालात गोळी. हातातला छोटा डबा त्यांनी भिंगरीपुढे धरला. आत गोळ्या होत्या, लख्ख लिंबाच्या रंगाच्या.

"घ्या. नवा माल आहे, तपासून पास झालेल्या रंगाचा. विष असतं तर मी खाल्लं असतं का?"

"तुमचं पोट तुमच्या पक्षकाराचं आहे," भिंगरी म्हणाली. "ते काहीही पचवेल."

वकील मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता. फक्त दुसऱ्याच्या बाजूने बोलायची त्याला सवय लागली होती.

"शनिवारी तुम्ही वही पाहिलीत."

"पाहिली ना. बारा वाजता, साहेबांच्या टेबलावर, साहेबांसमोर. हातसुद्धा लावला नाही. फोटो तेवढा काढला. तो माझा हक्क आहे."

"बघू."

त्यांनी फोन पुढे केला. नाही म्हणायचं कारणच नव्हतं. "बघा आणि सांगा. पिवळा धागा. पिवळ्या गोळीतला पिवळा रंग. यात गुन्हा कुठे आहे?"

भिंगरीने फोन खिडकीच्या उजेडात नेला. पान तेच. सही तीच. एक टोक आखूड, कापून घेतलेलं. आणि धागा... तिने डब्यातली एक गोळी उचलून फोनशेजारी धरली. धागा आणि गोळी सख्ख्या बहिणी शोभल्या असत्या.

"वकीलसाहेब, आज सकाळी वहीत काय आहे ते पाहिलंत का?"

"साहेबांनी फोनवर सांगितलं. धागा जुळत नाही म्हणाले. आमच्या फायद्याचंच."

"शनिवारी दुपारी बारा वाजता जुळत होता. तुमच्याच फोटोत."

वकिलांच्या गालातली गोळी हलायची थांबली. त्यांनी फोन परत घेतला, पडद्यावर बोट फिरवून चित्र मोठं केलं, लहान केलं. मग हळूच म्हणाले, "हा फोटो मी तुम्हाला दाखवायला नको होता."

"दाखवलात खरा," भिंगरी म्हणाली आणि वळलीसुद्धा.

म्हणजे मुलीने घोळ घातला नव्हता. तिचा धागा जागेवर होता. शनिवारी बारानंतर कोणीतरी तो बदलला होता. सही न मोडता, चिठ्ठी न उचकटता. भिंगरी परत वहीकडे गेली. धाग्याची दोन्ही टोकं आता सारखी लांब होती. तिने एक टोक चिमटीत धरलं आणि किंचित ओढलं. दुसरं टोक चिठ्ठीकडे सरकलं, केसभर.

वाट बंद नव्हती. धागा चिठ्ठीखालून ओढून काढता येत होता. आणि जुन्याच्या शेपटाला नवा पिळून बांधला, तर जुना बाहेर येता येता नव्याला आत आणून बसवणार होता. विणणाऱ्याच्या घरची युक्ती ती.

या इमारतीत विणणारं एकच माणूस होतं.

४

भांडीवाल्या मावशी जिन्याखाली बसून स्वेटर विणत होत्या. सुया थांबल्या नाहीत.

"या, बाई. माझीच पाळी उरली होती का?"

"कशावरून?"

"सगळे फिरून जिन्याखाली येतात. बाटली फुटली, मावशी. कुलूप उघडं राहिलं, मावशी. धागा बदलला..." त्यांनी एक टाका उचलला. "मावशीला विणता येतं."

"शनिवारी तुम्ही शेवटच्या गेलात."

"दोन वाजता. साहेबांनी वही कपाटात ठेवली, ते गेले, एक वाजता मामा गेले, भाची गेली. मी एकटी. कपाट उघडलं, पुसलं. नाही म्हणत नाही." मग सुया मांडीवर ठेवून त्यांनी सरळ बघितलं. "त्या पोरीचा डबा मी रोज गरम करून देते. तिच्या पानाला मी हात लावीन?"

भिंगरी पायरीवर टेकली. आज दिवसभरात पहिल्यांदा. "मावशी, नारिंगी धागा आला कुठून? इथे तयार धागे कुठे असतात?"

"असतात की. त्या लाकडी पेटीत. खायला चालणाऱ्या रंगांचे धागे, जुळवून बघायला. चला, दाखवते. शनिवारी सगळे गेल्यावर मीच साफ केली."

पेटी चपटी होती, सहा कप्प्यांची. आत नवा पांढरा कागद अंथरला होता. एकेका कप्प्यात एकेका रंगाची धाग्यांची जुडी निजली होती.

"झुरळं झाली होती," मावशी म्हणाल्या. "सगळं बाहेर काढलं, कागद घातला, पुन्हा लावलं. आधी कसंही होतं हो. लाल, मग लिंबू, मग हिरवा, मग नारिंगी. डोळ्यांत खुपायचं. मी नीट लावलं, लोकरीच्या दुकानात लावतात तसं. लाल, नारिंगी, लिंबू, हिरवा, निळा, जांभळा. बघून कसं गार वाटतं."

भिंगरी कितीतरी वेळ पेटीकडे बघत राहिली. एवढा वेळ ती एका जागी उभी राहिलेली कोणी पाहिली नव्हती.

"आधी दुसऱ्या कप्प्यात लिंबू होता?"

"हो. वर्षानुवर्षं."

"आणि आता दुसऱ्यात नारिंगी."

"हो. पण चुकणार कोण? समोर दिसतंय की. लेबल लावायचीसुद्धा गरज नाही."

"बरोबर," भिंगरी म्हणाली. तिने दुसऱ्या कप्प्यावर बोट ठेवलं. "ज्याला दिसतं त्याला गरज नाही."

धागा बदलणारा हात कसबी होता. सही शाबूत ठेवणारा, केसाइतका बारीक पीळ देणारा. आणि त्याच हाताने लिंबाच्या जागी नारिंगी घालावा? मावशींनी घातला नसता. त्या झोपेतसुद्धा छटा जुळवतील. साहेबांना धागा ओढता आला नसता, पण रंग बरोबर उचलता आला असता. वकील बारानंतर वहीजवळ फिरकलेच नव्हते. भाचीने तर स्वतःच्या गळ्याला फास लावून घ्यायचा कशाला?

राहिला तो, जो पेटीकडे न बघता पेटीत हात घालायचा. ज्याच्यासाठी लिंबू हा रंग नव्हता, जागा होती.

"मावशी," तिने विचारलं, "आज सकाळी सगळ्यात आधी कोण आलं?"

मावशींनी सुया उचलल्या, पण विणलं नाही. "मला नका विचारू, बाई," त्या म्हणाल्या.

५

मामा शेवटच्या खोलीत होते, तराजूसमोर. केस पिंजलेल्या कापसासारखे. वीस वर्षांपूर्वी भिंगरी इथेच नवखी म्हणून आली होती, आणि याच माणसाने तिला तराजूचा काटा स्थिर व्हायची वाट बघायला शिकवलं होतं. ते तिला नीट कधी जमलं नाही. 'भिंगरी' या नावाचं बारसंही त्यांनीच केलं होतं.

"ये गं भिंगरे. पाय दुखत नाहीत का तुझे?"

"दुखतात. खोकला कसा आहे?"

"गेला. तीन वर्षांपूर्वी वर्षभर औषध खाल्लं, छाती साफ झाली. मागच्या शुक्रवारी फक्त दाखवायला गेलो होतो."

"छाती दाखवायला?"

तराजूच्या काचेवर मामांचा हात थांबला. "मग आणखी काय?"

येताना पेटीतून उचललेले दोन धागे तिने टेबलावर ठेवले, एक लिंबू, एक नारिंगी. "मामा, भाचीच्या पानावर शुक्रवारी यातला कुठला होता?"

मामा हसले. तेच जुनं मास्तरांचं हसू. मागोमाग आलेल्या आणि दारात थबकलेल्या मावशींकडे त्यांनी मान वळवली. "सांगा बघू, मावशी. आज तुमची परीक्षा."

मावशींनी भिंगरीकडे बघितलं.

भिंगरीला सगळं एकदम आठवलं, आणि आठवलेलं सगळं उलटं झालं. गेल्या दोन-तीन वर्षांत इथे आली तेव्हा तेव्हा मामा कोणाची तरी परीक्षा घेत असायचे. 'सांग पोरी, ही छटा कुठली?' 'लिही बघू, याला काय म्हणशील?' सगळ्यांना वाटायचं, मामांसारखा शिकवणारा नाही. मामा शिकवत नव्हते. मामा विचारत होते.

"मावशी, जरा बाहेर थांबा," ती म्हणाली. दार लोटलं गेलं. "कधीपासून, मामा?"

मामांनी तराजूची काच बंद केली. "छातीच्या औषधानं गेलं. डॉक्टरनं आधी सांगितलं होतं, रंग फिके वाटले तर लगेच ये. मी गेलो नाही. रजा पडली असती. आधी लाल गेला. मग हिरवा. मग सगळंच एका राखेचं झालं. आता जायला लागलो डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तो म्हणतो, उशीर केलात."

"आणि थेंब?"

"थेंब टाकायचो. नेमानं टाकायचो." त्यांनी डोळे मिटले. "काही बदललं असं दिसायचं नाही. मग पोरांना विचारायचो, धागा कसला? ती म्हणायची, पिवळा. मी लिहायचो, खायचा पिवळा. थेंबाच्या वेळी कोणाला बोलावलं नाही कधी. तेवढं विचारलं असतं तर कळलं असतं त्यांना."

"या कारखान्याच्या गोळ्या किती वेळा पास केल्यात?"

"अकरा."

बाहेर ट्रकने इंजिन सुरू करून बघितलं आणि बंद केलं.

"शनिवारी तिनं तिचा अहवाल वाचून दाखवला," मामा म्हणाले. "केवढ्या आनंदानं, भिंगरे! पहिला मासा गळाला लागल्यासारख्या. आणि मला समोर माझे अकरा कागद दिसले. वाटलं, हा एक अहवाल डळमळला की फेरतपासणी होईल. महिना मिळेल. तेवढ्यात मी राजीनामा देईन, कोणी मागचं उकरणार नाही. आज साडेआठला आलो. दुसऱ्या कप्प्यातला पिवळा घेतला, जुन्याच्या टोकाला पिळला, ओढला. जुना नळाखाली सोडून दिला. बोटांना अजून दिसतं गं."

"आणि तिचं निलंबन?"

"ते मला सुचलंच नव्हतं. तिच्या जिवाची शपथ, सुचलं नव्हतं. सकाळपासून दहा वेळा सांगायला गेलो तिला."

भिंगरी टेबलाला फेरी घालून त्यांच्यासमोर आली. तिला ओरडायचं होतं. तिला त्यांच्या पायाशीही बसायचं होतं. दोन्ही जमेना, म्हणून ती उभीच राहिली.

"तिचं सोडा. ती मोठी आहे, लढेल. अकरा वेळा, मामा. त्या गोळ्या कोण खातं?"

मामांनी टेबलावरचे दोन्ही धागे हाताने बाजूला सारले.

"तुम्ही ओढून काढलात तो धागा," ती म्हणाली. "लोकर आहे ती. लोकर ओढली की तिची लव डिंकात राहते. पाच वाजता मी ती चिठ्ठी सोलणार आहे, सगळ्यांसमोर. मला त्यासाठी तुमची गरज नाही. पण तुम्ही तिथे असाल की नसाल, हे तिला आयुष्यभर आठवणार आहे."

ती निघाली. दाराशी पोचेपर्यंत मागून खुर्ची सरकल्याचा आवाज येईल असं तिला वाटत होतं.

आला नाही.

६

पाच वाजता साहेबांच्या टेबलावर वही उघडी होती. एका बाजूला वकील, एका बाजूला भाची, हात पाठीमागे घट्ट बांधून उभी. मावशी दाराच्या चौकटीत. एक खुर्ची रिकामी.

"मामा?" साहेबांनी विचारलं.

"त्यांच्याशिवाय चालेल," भिंगरी म्हणाली आणि केटलीच्या वाफेवर पातळ सुरी धरली.

वकील म्हणाले, "माझा आक्षेप आहे. तुम्ही पुरावा नष्ट करताय."

"तुमच्या फोटोत आहे ना. एवढा चांगला पुरावा दुसरा कुठला?"

वाफेने डिंक सुटला. चिठ्ठी अलगद उचलली गेली, जखमेवरची पट्टी उचलावी तशी, आणि नारिंगी धागा बाजूला पडला. भिंगरीने चिठ्ठी पालथी करून पांढऱ्या बशीत ठेवली आणि भिंग वकिलांच्या हातात दिलं.

"तुम्हीच सांगा काय दिसतं ते."

वकील वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. "डिंकात... लव आहे. बारीक. दोन रंगांची. थोडी नारिंगी." ते अडखळले. "खाली, डिंकात रुतलेली, लिंबासारखी."

"आधी लिंबू बसला, मग नारिंगी आला. भाची, थेंब तू टाक."

भाचीने नळी उचलली. थेंब पडला, पसरला. नारिंगी लव होती तशीच राहिली. आणि तिच्या खालून, आधी एका टोकाला, मग सगळीकडे, तुटक तुटक गुलाबी रेघ उमटली.

साहेबसुद्धा उठून उभे राहिले. "हे... हे म्हणजे तेच का?"

"तेच. कापडाचा पिवळा. या मुलीनं लिहिलेलं अक्षरन् अक्षर खरं आहे. सील निघणार नाही."

"मग धागा बदलला कोणी? कोणाचं नाव लिहू मी?"

भिंगरीने तोंड उघडलं. तोच मावशी चौकटीतून बाजूला झाल्या.

"माझं," मामा म्हणाले.

ते आत आले. त्यांच्या काखेत जुन्या अहवालांचा गठ्ठा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि वरच्या कागदावर हात ठेवून, कोणाकडेही न बघता, सांगून टाकलं. डोळ्यांचं, औषधाचं, पेटीचं, आजच्या सकाळचं. आवाज चढला नाही, पडला नाही. "हे अकरा," शेवटी ते म्हणाले. "आणि नुसते हेच नाहीत. तीन वर्षांत मी ज्यावर ज्यावर सही केली ते सगळं पुन्हा तपासा. लाल्या, सरबतं, मलमं, सगळं. माझ्या सहीवर विश्वास ठेवू नका."

साहेब लिहीत होते. वकिलांनी खिशातला डबा काढला, बघितला, आणि उघडता उघडता पुन्हा खिशात घातला.

भाचीने मामांकडे बघितलंच नाही. सगळं होईपर्यंत ती बशीतल्या गुलाबी रेघेकडे बघत उभी होती. मग तिने टेबलावरचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला आणि ती खोलीबाहेर पडली. थोड्या वेळाने आतल्या कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. पास झालेल्या जुन्या नमुन्यांच्या दुसऱ्या, मोहोरबंद बरण्या तिथेच राखून ठेवलेल्या असत.

मामा तिच्या मागे गेले. भिंगरीही गेली, जाऊ नये हे कळत असून गेली, आणि बोळातच थांबली.

भाची बरण्या मांडत होती. एक, दोन, तीन. प्रत्येकीची मोहोर ती उजेडाकडे धरून बघत होती.

"हातभार लावू?" मामांनी विचारलं.

"नको."

"बरण्या नुसत्या उतरवून देतो."

"नको म्हटलं ना." तिने चौथी बरणी ठेवली. ठेवताना काच वाजली. "मला तुम्ही शिकवलंत की दिसलं नाही तर 'दिसलं नाही' असं लिहायचं. त्यात लाज नाही, म्हणाला होतात. पहिल्याच दिवशी."

"हो."

"मग?"

मामा वळले. बोळातून जाताना त्यांचा हात भिंतीवरून सरकत होता, म्हाताऱ्या माणसाचा सरकतो तसा. आजपर्यंत तो कधी तसा सरकला नव्हता. ते जिन्याशी पोचले तेव्हा भाची दारात आली. इथे ती त्यांना कधी 'अरे' म्हणायची नाही. चारचौघांत नेहमी 'अहो मामा'. आता तिला चारचौघांचं भान राहिलं नव्हतं.

"मामा!"

ते थांबले.

"आईला मी काही सांगणार नाही. तुझी बहीण आहे, तूच सांग. आजच. मला घरी यायला आठ वाजतील, त्याच्या आत."

"काय सांगू गं?"

"जसं आत सांगितलंस तसं. सगळं. आणि ती जेव म्हणाली तर जेव. मी यायच्या आत निघून जाऊ नकोस."

मामांनी मान हलवली, कठडा धरला, आणि एकेक पायरी मोजत खाली गेले. भाची पाणी भरलेलं भांडं शेगडीवर ठेवून पहिल्या बरणीची मोहोर फोडू लागली. बोळात उभ्या असलेल्या भिंगरीने बाह्या वर सारल्या, आत जाऊन दुसरी शेगडी पेटवली आणि तिच्या शेजारी काम करायला उभी राहिली.